मुकुटाचे सात दिवस : फाल्गुनाच्या शेवटी, मुंबईभर

हा दौरा २०२५ च्या मार्चमधला, शेवटच्या आठवड्यातला. सोमवार ते रविवार, म्हणजे जागतिक क्षयरोग दिन ते गुढीपाडवा. उपनगरातली एक स्थानिक सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी, राहायला गोरेगावात. सात दिवसांत गोवंडी, लालबाग, दादर, भायखळा, मुलुंड, वर्सोवा आणि गिरगाव. मुलुंडचा कार्यक्रम तेवढा मानधनाचा, बाकीचे सहा सेवेचे. रोज रात्री मुक्काम घरीच.

वर्षभरात अमुक इतके सेवाकार्यक्रम करायचे, असं स्पर्धेच्या करारात असतं. कसे करायचे, ते त्यात नसतं. म्हणून खालची टिपणं थोडी तपशिलात लिहिली आहेत. पुढच्या वर्षीच्या विजेतीला आणि तिच्याबरोबर फिरणाऱ्या ताई-दादांना ती उपयोगी पडावीत.

आधी पिशवी. मुकुटाला आत स्पंज असलेली कडक पेटी लागते. कापडी पिशवीत ठेवला तर दादरच्या गर्दीत पितळी पट्टी वाकते, आणि एकदा वाकलेली पट्टी सरळ करायला गेलं की तिच्यावरचे खडे उडतात. दोन सॅश (किताबाचं नाव लिहिलेला, खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा) हव्यात, एक घालून जायला आणि एक घामासाठी राखीव. सॅटिनची सॅश उलट्या बाजूने, मंद इस्त्रीने सारखी करायची. वरची अक्षरं फॉइलची असतील तर सुलट बाजूने फिरवलेली गरम इस्त्री ती अक्षरं स्वतःबरोबर घेऊन जाते. याशिवाय केसांचे दोन डझन आकडे, सहा सेफ्टीपिना, चार लोहचुंबकी पिना, दातेरी कंगवा, सपाट चपला, सुती ओढणी, पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या आणि प्रत्येक ठिकाणच्या परवानगीच्या पत्राची छापील प्रत. फोनमधलं पत्र फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला चालत नाही.

रोज सकाळी पहिला प्रश्न एकच ठेवला होता: आज मुकुट डोक्यावर, पेटीत, की घरी? मुकुटामुळे माणसं जवळ येतात. काही ठिकाणी ती यायलाच हवी असतात. काही ठिकाणी मात्र लोक कुणाच्या नजरेत न येता काम आटपून घरी जायला आलेले असतात. या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पुढचा सगळा दिवस चुकतो.

सोमवार, २४ मार्च : गोवंडी

मुकुट घरी, सॅशही घरी. साधा सुती कुर्ता.

गोरेगावहून हार्बरची सीएसएमटी गाडी घेतली, वडाळा रोडला उतरून पनवेलकडची पकडली आणि गोवंडीला उतरलो. टॅक्सीपेक्षा हे बरं, कारण सकाळच्या वाहतुकीत टॅक्सीचा भरवसा नसतो आणि दवाखान्याची वेळ कुणासाठी थांबत नाही. काम होतं क्षयरोगाच्या रुग्णांना पोषण आहाराचे संच देण्याचं. २०२२ पासून सरकारच्या निक्षय मित्र योजनेत कुणीही व्यक्ती किंवा मंडळ रुग्णांच्या आहाराची जबाबदारी घेऊ शकतं. त्यासाठी रुग्णाची संमती लागते आणि संच आरोग्य यंत्रणेमार्फतच जातात.

एका संचात तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो शेंगदाणे होते. बेरीज केली की पावणेसहा किलो होतात. बहुतेक मंडळी इथेच चुकतात: सगळं एका चकचकीत पिशवीत भरतात, वर विजेतीचा फोटो छापतात आणि अशक्त माणसाच्या हातात देतात. त्याला ती पिशवी घेऊन दोन गल्ल्या चालायच्या असतात, जिना चढायचा असतो. शिवाय फोटोवाली पिशवी म्हणजे वस्तीभर जाहिरात, की या घरात टीबी आहे. म्हणून साध्या, काही न छापलेल्या दोन-दोन पिशव्या केल्या. ज्यांना उचलणं शक्य नव्हतं त्यांच्या पिशव्या आशाताईंकडे दिल्या, त्या घरी पोचवतात.

रमजान सुरू होता. वस्तीत बऱ्याच जणांचे रोजे होते, म्हणून कार्यक्रम सकाळी ठेवला आणि चहा-बिस्किटांचं वाटप काढून टाकलं. संच कोरडा शिधा असल्याने अडचण आली नाही. रोजे असताना गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, या प्रश्नावर विजेतीने स्वतः उत्तर द्यायचं नसतं. तो प्रश्न तिने डॉक्टरांकडे वळवला.

बसण्याची जागा हॉलमध्ये नव्हती, उघड्या ओसरीवर होती. वारा आरपार जायला हवा. पाहुण्यांनी एन-९५ मास्क लावायचा, रुग्णांना साधा सर्जिकल मास्क पुरतो. त्यांच्या तोंडून उडणारे थेंब अडवणं हे त्या मास्कचं काम आहे. मास्क नाकाखाली ओढून फोटोसाठी हसायचं नाही. किंबहुना रुग्णांचा फोटो काढायचाच नाही. रचलेल्या पिशव्यांचा आणि आरोग्यसेविकांचा, त्यांना विचारून, एक फोटो पुरे.

विजेतीचं बोलणं तीन मिनिटांचं. त्यात दोनच मुद्दे. पहिला: साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, माणसाला वाटतं बरं झालं आणि गोळ्या सुटतात. औषधाला दाद न देणारा टीबी बऱ्याचदा तिथून सुरू होतो. दुसरा: निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा मिळणारी रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली आहे, पण ती थेट बँक खात्यात येते. खातं बंद असेल, आधारशी जोडलेलं नसेल किंवा नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर ती अडकते. हे ऐकताच तीन बायका उठून पासबुक घेऊन सेविकेच्या टेबलाशी गेल्या. आख्ख्या सकाळचं खरं काम ते.

मंगळवार, २५ मार्च : लालबाग

दादरला गाडी बदलून करी रोड. महानगरपालिकेची मराठी शाळा, सातवी-आठवीच्या मुली, विषय मासिक पाळी. मुकुट पेटीत, शेवटच्या दहा मिनिटांसाठी.

मिस वर्ल्ड स्पर्धेत समाजकार्याचा 'ब्यूटी विथ अ पर्पज' हा भाग १९७२ पासून आहे. २०१७ साली मानुषी छिल्लरने किताब जिंकला तेव्हा तिचा प्रकल्प मासिक पाळीतल्या स्वच्छतेवरच होता. त्यानंतर गल्लोगल्लीच्या स्पर्धांमध्ये हा विषय आला, ही चांगली गोष्ट झाली. पण बरेच कार्यक्रम पॅडची पाकिटं वाटण्यापाशी संपतात. पाकीट दोन महिन्यांत संपतं, माहिती संपत नाही.

एका तुकडीत चाळीसपेक्षा जास्त मुली नकोत. पुरुष शिक्षक आणि छायाचित्रकार बाहेर. दाराशी एक पुठ्ठ्याचं खोकं आणि सगळ्यांना सारखेच कागदाचे चिटोरे. प्रत्येकीने काहीतरी लिहून टाकायचंच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असं. नाहीतर जी लिहिते ती उठून दिसते.

प्रात्यक्षिकाला लाल शाई घातलेलं पाणी, एक चहाचा चमचा आणि पॅड. पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सहा ते आठ चमचे. मुलींना वाटत असतं लोटाभर जातं, आणि त्या भीतीने त्या पाणी कमी पितात, शाळा बुडवतात. चमचे मोजून पॅडवर टाकताना वर्ग एकदम शांत होतो. ८० मिलिलिटरच्या वर जात असेल, पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं, हेही त्याच वेळी सांगायचं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी भिजलं असलं तरी. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून, त्यावर खूण करून वेगळं द्यायचं, संडासात टाकायचं नाही. चाळीतल्या सामायिक संडासात एक पॅड अडकलं की अख्ख्या मजल्याची पंचाईत होते आणि बोल मुलींनाच लागतो. हे उदाहरण लालबागच्या मुलींना समजावून सांगावं लागलं नाही.

चिटोऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न देवघराचा होता. विजेतीने घरच्यांविरुद्ध भाषण करू नये. शरीरात काय होतं ते स्वच्छ सांगावं: हे रक्त घाण नाही, गर्भाशयाचं अस्तर आहे. पुढचा विचार मुली आणि त्यांच्या आया करतात.

मग पेटी उघडली. मुकुट प्रत्येकीच्या डोक्यावर ठेवायचा मोह टाळायचा. चाळीस डोकी, आकड्यांत अडकणारे केस आणि मागच्या रांगेचा हिरमोड. दोन्ही हातांवर घेऊन रांगेतून फिरवायचा, हात लावू द्यायचा.

बुधवार, २६ मार्च : दादर

या आठवड्यात सगळ्यात जास्त तयारी या दिवसाची होती, आणि ती आठ दिवस आधी सुरू झाली. ठिकाण अंध मुलींची शाळा. मुकुट डोक्यावर, सॅश अंगावर, दोन्ही काढून हातात द्यायच्या तयारीने.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासमोर मुकुट कशाला, असं काही आयोजक विचारतात. उलट इथे तो सगळ्यात जास्त कामाला येतो. बाकीच्या ठिकाणी लोक मुकुट लांबून पाहतात. इथल्या मुली तो बोटांनी वाचतात: किती टोकं आहेत, मधलं टोक किती उंच, खडे गोल की पाण्याच्या थेंबासारखे, मागची पट्टी कशी दुमडते. त्यासाठी आधी घरी प्रत्येक टोकावरून स्वतःचं बोट फिरवून पाहायचं. खड्यांना धरणाऱ्या पितळी नख्या जिथे बोचतात तिथे पारदर्शक नेलपेंटचे दोन थर द्यायचे, एक रात्र सुकू द्यायचे. आकडे काढून ठेवायचे.

सॅशवरची छापील अक्षरं या मुलींना काही सांगत नाहीत. म्हणून सॅशला ब्रेल पट्टी लावली. करायची कशी ते सांगतो. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे, सहा टिंबांची. मराठीही त्याच लिपीत लिहितात. ब्रेलची पाटी (कागद धरणारी खाचांची चौकट) आणि टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटला की वाचन डावीकडून उजवीकडे होतं. पहिल्यांदा करणारे नेमकं हेच विसरतात आणि नाव आरशातल्यासारखं उमटतं. सॅटिनवर टिंब टिकत नाही. साधा वहीचा कागदही नको, तिसऱ्या मुलीच्या बोटाखालीच टिंबं दबून बसतात. ब्रेलचा जाड कागद किंवा पातळ प्लॅस्टिकची पट्टी घ्यायची, जाणकाराकडून वाचून घ्यायची आणि सॅशच्या खालच्या टोकाजवळ कडेने टाके घालून शिवायची. टाका टिंबांच्या मधून गेला तर तो स्वतःच टिंबासारखा लागतो आणि अक्षर बदलतं. पट्टीवर विजेतीचं नाव, किताब आणि वर्ष, एवढंच.

वागण्याच्या गोष्टी छोट्या, पण एकही गाळता येत नाही. खोलीत शिरल्याबरोबर नाव सांगायचं. निघतानाही 'मी निघतेय' असं सांगायचं, नाहीतर मुलगी रिकाम्या हवेशी बोलत राहते. 'ओळख बघू मी कोण?' हा खेळ अजिबात नको. हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ती धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. सगळ्यांना मिळून 'तुम्ही' म्हणण्यापेक्षा एकेकीला नावाने हाक मारायची, कारण नजरेने कुणाकडे बोलतोय ते कळत नाही. त्या दिवशी जोराचा वास असलेला परफ्यूम टाळायचा. हातात काचेच्या चार बांगड्या घातल्या होत्या, त्यांच्या आवाजावरून विजेती खोलीत कुठे आहे ते मुलींना कळत होतं. ही सूचना शाळेतल्या बाईंचीच. शाळेला आधी विचारलं की अशा गोष्टी मिळतात.

वर्णन करताना 'खूप सुंदर आहे' हे शब्द उपयोगाचे नाहीत. 'साडी पैठणी आहे, पदरावर मोर आहेत, हा एक मोर इथे तुझ्या अंगठ्याखाली आहे, जरीचा धागा लागतोय ना खरखरीत?' असं बोलायचं. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलीला रंगाचं नाव टाळायची गरज नाही. रंग तिच्याही बोलण्यात असतात.

एकेकीला मुकुट वाचायला तीन-चार मिनिटं लागतात. वीस मुली म्हणजे सव्वा तास. वेळापत्रकात अर्धा तास लिहिला की शेवटच्या दहा जणींचा हात धरून घाई होते. इथे दोन तास ठेवले होते आणि ते पुरले.

गुरुवार, २७ मार्च : भायखळा

महाविद्यालयातलं रक्तदान शिबिर. सॅश अंगावर, मुकुट पेटीत.

जागेचं औचित्य असं, की जवळच जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज आहे. माटुंग्यात जन्मलेली रीटा फारिया याच कॉलेजात वैद्यकीचं शिकत होती. १९६६ साली ती मिस वर्ल्ड झाली, हा किताब जिंकणारी पहिली आशियाई. वर्षभराची मुदत संपल्यावर ती पुन्हा वैद्यकीकडे गेली. विजेतीच्या भाषणात ही एवढी चार वाक्यं होती, आणि मुली त्यावर टाळ्या वाजवतात.

परीक्षा सुरू झाल्या, सुट्ट्या लागल्या की कॉलेजांची शिबिरं थांबतात आणि मुंबईत रक्ताचा तुटवडा सुरू होतो. लाल पेशी ४२ दिवसांपर्यंत टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. म्हणजे जानेवारीत भरभरून घेतलेलं रक्त मे महिन्यात कामाला येत नाही. एकाच वाढदिवसाला हजार बाटल्यांचं शिबिर घेण्यापेक्षा दर पंधरवड्याला पन्नासचं शिबिर रक्तपेढीला हवं असतं.

विजेती स्वतः रक्त देणार, असं फलकावर आधी छापायचं नाही. ही आमची ठाम सूचना आहे. कारण हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, आणि स्पर्धेसाठी महिनोन्‌महिने जेवण कापलेल्या मुलींचं ते अनेकदा भरत नाही. वजन किमान ४५ किलो हवं. ४५ ते ५५ मध्ये ३५० मिलिलिटर घेतात, ५५ च्या वर ४५० घेता येतं. टॅटू किंवा नवं कान-नाक टोचणं वर्षभराच्या आतलं असेल तर नाही. पाळीच्या दिवसांत नाही. उपाशीपोटी नाही, त्यामुळे रोजे असलेल्यांना आग्रह करायचा नाही. आधी रक्त दिलं असेल तर बायकांना १२० दिवस आणि पुरुषांना ९० दिवस थांबावं लागतं. फलकावर जाहीर केल्यानंतर सगळ्यांसमोर नकार आला तर त्या मुलीची शोभा होते आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीही हळूच निघून जातात. तपासणी आधी, घोषणा नंतर.

या दिवशी विजेतीचं हिमोग्लोबिन ११.८ भरलं. मग तेच माईकवरून सांगितलं, आकड्यासकट. आहारात काय घ्यायचं ते शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं: खजूर-गुळाच्या भरवशावर राहू नका, पालेभाज्या, कडधान्यं, वर लिंबू पिळा, जेवणाला चिकटून चहा नको, आणि गोळ्या लागणार असतील तर तपासूनच. त्यानंतर हिमोग्लोबिन तपासायच्या टेबलापुढे मुलींची रांग लागली. रक्त देता आलं नाही तरी विजेती तिथे तीन तास होती. दात्यांना पाणी देणं, उठल्यावर दहा मिनिटं बसवून ठेवणं, चक्कर आलेल्याचे पाय वर धरणं, एवढं काम पुष्कळ असतं.

(रक्त दिलं असतंच, तर तो दिवसाचा शेवटचा कार्यक्रम ठेवावा. त्यानंतर उंच टाचा घालून उभं राहायचं नाही.)

शुक्रवार, २८ मार्च : मुलुंड

मानधनाचा दिवस. साडीच्या दुकानाचं उद्घाटन, दीड तास. मुकुट आणि सॅश दोन्ही. अशा कार्यक्रमाचे पैसे, वेळ आणि किती फोटो कुठे वापरणार, हे लेखी घ्यावं. सेवेच्या कार्यक्रमातले फोटो दुकानाच्या जाहिरातीत जाणार नाहीत, हेही त्याच कागदावर.

लिहिण्यासारखी गोष्ट समईची. केसांवर स्प्रे मारलेला असतो, तो पेट घेतो. डोक्यावर मुकुट आहे म्हणून मान वाकवायची नाही, गुडघ्यात वाकायचं आणि हात लांब ठेवायचा. पदर आधीच खांद्यावर पिन केलेला हवा, दुसऱ्या हाताने धरून भागत नाही. वाती तासभर आधी तेलात भिजलेल्या आणि टोकाला कापराचा चुरा लावलेला असला की पहिल्याच स्पर्शाला पेटतात. पंखा आणि एसीचा झोत बंद. रिबिनीची कात्री आधी तिथल्याच रिबिनीच्या तुकड्यावर चालवून पाहावी. सॅटिन बोथट कात्रीत दुमडतं, कापलं जात नाही.

शनिवार, २९ मार्च : वर्सोवा

अमावास्या. पाडव्याची आदली तिथी अमावास्याच असते, आणि समुद्रकिनारा साफ करायला हा दिवस मुद्दाम निवडला. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. शिवाय ओहोटी खोल जाते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारी पट्टी उघडी पडते. कोळी आणि कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तोच हिशोब. रविवार सोयीचा म्हणून अष्टमीच्या आसपासच्या रविवारी सकाळी सहाला लोक बोलावले, तर त्या वेळी पाणी पायऱ्यांशी असतं.

गोरेगावहून पहाटे रिक्षा. मुकुट घरी, सॅश घरी. सॅश जाळ्यात अडकते, आणि कचऱ्याशेजारी मुकुट घालून उभं राहणं आम्हाला बरं वाटत नाही. जुनी पूर्ण बाह्यांची पँट-शर्ट आणि जाड तळव्याचे बंद बूट.

इथे २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलांनी सफाई सुरू केली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. त्यामागे आठवड्यामागून आठवडे केलेलं काम होतं. एका सकाळी येणाऱ्या विजेतीने त्या कामात हात घालावा, स्वतःची वेगळी मोहीम जाहीर करू नये.

साहित्य: रबर चढवलेले सुती हातमोजे (डॉक्टरी पातळ मोजे काचेने पहिल्या पाच मिनिटांत फाटतात), खुरपी, लांब चिमटे, बोथट टोकाची कात्री, गोणपाटाची पोती, सुई-सिरिंजसाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि ताणकाटा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी साठतं, गोणपाटातून निथळतं. पोतं अर्धंच भरायचं. ओल्या वाळूने भरलेलं पूर्ण पोतं दोघांनाही उचलत नाही आणि ओढताना तळ फाटतो.

वर दिसणाऱ्या कचऱ्यापेक्षा पुरलेला जास्त असतो. वाळूतून चिंधीचं किंवा प्लॅस्टिकचं टोक दिसलं की ओढायचं नाही. जोर लावला की ते तुटतं आणि बाकीचा तुकडा कायमचा खाली राहतो, शिवाय कंबर धरते. खुरपीने भोवतीची वाळू मोकळी करून मग उचलायचं. थर्माकोल आधी वेचायचा, कारण वारा सुटला की त्याचे दाणे पसरतात.

आणि वर्सोव्याची खास गोष्ट: वाळूवर पसरलेलं प्रत्येक जाळं म्हणजे कचरा नव्हे. कोळीवाड्यातली मंडळी जाळी वाळत घालतात, दुरुस्तीला ठेवतात. उत्साही मुलांनी एखादं कापून पोत्यात भरलं तर कुणाचं तरी हजारोंचं नुकसान होतं. त्यामुळे सुरुवातीलाच विजेती आणि दोघे स्वयंसेवक जाऊन मावश्यांना विचारून आले. एका मावशींनी स्वतः येऊन दाखवलं, 'ह्ये माजं, त्ये सोरून घ्या.' जे सोडून दिलेलं होतं तेवढंच उचललं.

कचरा वेचून ढीग करणं म्हणजे अर्धं काम. महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाला, इथे के पश्चिमला, आठ दिवस आधी पत्र द्यायचं: किती पोती होतील, कुठे ठेवणार, गाडी किती वाजता हवी. ढीग भरतीच्या खुणेच्या वर, रस्त्याला लागून करायचा. किनाऱ्यावर ओला-वाळका पट्टा दिसतो, ती खूण. खाली ठेवलेली पोती दुपारी बाराच्या भरतीने परत समुद्रात जातात. त्या दिवशी अमावास्येची मोठी भरती होती, म्हणून साडेआठलाच वेचणं थांबवलं आणि उरलेला वेळ पोती वर चढवण्यात घातला. प्रत्येक पोतं ताणकाट्याला लावून आकडा वहीत लिहिला. 'टनभर कचरा काढला' असं ठोकून सांगण्यापेक्षा वहीतला खरा आकडा कमी असला तरी सांगावा. पुढच्या वेळी गाडी केवढी मागवायची, ते त्यावरूनच कळतं.

रविवार, ३० मार्च : गिरगाव

गुढी घरी उभारून, कडुलिंब-गुळाचा घास खाऊन पहाटे निघायचं. चर्नी रोडला दिवसा जलद गाड्या थांबत नाहीत, मुंबई सेंट्रलला उतरून धीमी पकडायची. रविवार असल्याने मेगाब्लॉकची बातमी आदल्या रात्री पाहून ठेवावी.

गिरगावात फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते. ढोल-ताशा, चित्ररथ, लेझीम, आणि नऊवारी-फेटा घालून बुलेटवर स्वार झालेल्या बायका. इथे मुकुट डोक्यावर हवाच, लोकांना तो पाहायचा असतो. पण फेटा आणि मुकुट एकत्र बसत नाहीत, दोन्हीपैकी एक. बुलेट चालवणार असेल तर मुकुट नाही, हे उघड आहे. या विजेतीने चालायचं ठरवलं होतं, म्हणून अंबाडा आणि मुकुट.

मार्चअखेरच्या दमट उन्हात केस घसरतात. केसांच्या रेषेपासून दोन बोटं मागे थोडे केस उलटे विंचरून गादी करायची, तिच्यावर मुकुट टेकवायचा आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांतून आकडे फुलीसारखे, एकावर एक तिरके घालायचे. सरळ घातलेला आकडा तासाभरात निसटतो. सॅश उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे, कारण पदर डाव्या खांद्यावर असतो आणि त्याच बाजूने सॅश घेतली की निऱ्यांत गुंडाळून अक्षरं दिसेनाशी होतात. पैठणीला सेफ्टीपिन लावायची नाही, जरीचा धागा ओढला जातो. तिथे लोहचुंबकी पिना. काष्टा बांधल्यावर पंधरा मिनिटं घरात चालून, जिना चढून-उतरून पाहायचं. कोल्हापुरी नवी नको, निदान दोन आठवडे घातलेली हवी.

फोटोची गर्दी ही इथली खरी अडचण. यात्रा चालू असताना थांबून फोटो दिला की मागचं ढोलपथक अडकतं आणि दोन मिनिटांत ढकलाढकल सुरू होते. म्हणून चालताना फोटो नाही, फक्त हात हलवणं आणि नमस्कार. यात्रेच्या कडेला, आधी पाहून ठेवलेल्या रुंद गल्लीच्या तोंडाशी वीस मिनिटं उभं राहायचं. पाठीमागे भिंत, दोन्ही बाजूंना एकेक ताई, रांग एकाच दिशेने. लोक आपला फोन डावीकडच्या ताईंकडे देतात, फोटो होतो, उजवीकडून निघून जातात. लहान मुलांसाठी विजेतीने खाली बसायचं, मूल उचलून घ्यायचं नाही. मुकुटाची टोकं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. वीस मिनिटं संपली की शेवटच्या माणसाला आधीच सांगितलेलं असावं की तो शेवटचा आहे.

पाणी दर अर्ध्या तासाला, तहान लागो वा न लागो. ढोलाच्या अगदी पुढे चालायचं असेल तर कानात कापसाऐवजी फोमचे बोळे, कापसाने आवाज फारसा अडत नाही.

साडेअकराच्या सुमारास गल्लीतून बाहेर पडून एका ओळखीच्या वाडीत मुकुट काढला. आधी आकडे, एकेक करून, मग दोन्ही हातांनी सरळ वर. घामाने पितळ काळं पडतं, म्हणून पेटीत ठेवण्याआधी मऊ कोरड्या सुती कापडाने पट्टी आतून पुसायची. खड्यांच्या मागे चांदीसारखा मुलामा असतो, त्यामुळे पाणी नाही, साबण नाही. खड्यांच्या खाचांतला गुलाल जुन्या मऊ ब्रशने, कोरडाच. दोन खडे सैल लागले, त्यांच्या जागा वहीत लिहिल्या: डावीकडून तिसरं टोक, वरचा आणि खालचा. ब्रेल पट्टीचा एक टाका उसवला होता, तो पिनेने तात्पुरता धरला. वाडीतल्या आजींनी श्रीखंड-पुरीचं ताट वाढलं होतं.